नारळीकर, धारप आणि तीन टक्के कोंबडी

“तुझे ते धारप ना, अर्धेअधिक स्टीफन किंगचे आहेत!”

भयकथाकार नारायण धारपांवर काकूंनी जाळीच्या दाराआडूनच तोफ डागली. सकाळी साडेनऊची वेळ. त्यांची सून रॅफल्स प्लेसला, मुलगा चांगीला, नात शाळेत. माझ्या घरीही तसाच शुकशुकाट. सिंगापूरच्या रेडहिलमधल्या आमच्या एचडीबीच्या, म्हणजे सरकारी घरांच्या ब्लॉकात या वेळेला अख्खा कॉरिडॉर आम्हा दोघींच्या मालकीचा. दोन दारांमध्ये हातभर भिंत, समोर कठडा, कठड्यावर माझे टॉवेल. काकू पुण्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. वर्षातले काही महिने मुलाकडे असतात. बाकीच्यांच्या आया बॅगेतून कुरडया नि गोडा मसाला आणतात. काकूंच्या तीस किलोंत निम्मं वजन पुस्तकांचं. त्यामुळे त्या परत जाईपर्यंत माझी चैन असते आणि कानांची परीक्षा.

“अर्धेअधिक काय काकू? ‘लुचाई’ किंगच्या त्या रक्तपिपासूच्या ‘सेलम्स लॉट’वरून घेतलीय, ते मान्य. पण म्हणून...”

“आणि ‘तुंबाड’? २०१८ साली पिक्चर आला. दिग्दर्शकाला पोरवयात एका मित्राने गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जाईना, म्हणून पिक्चर काढला. गोष्ट कुणाची? धारपांची. धारपांनी कुठून आणली? किंगच्या ‘ग्रॅमा’वरून. पिक्चरला नाव कुठलं? श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मधलं. सगळे पाहुणेच की गं! घरचं कोण?”

“भीती घरची आहे ना! धारपांचा माणूस कसा असतो? कचेरीत नोकरी, गाठीला चार पैसे, आणि स्वस्तात मिळतंय म्हणून गावाबाहेरचं घर घेणारा. मी ठाण्यात वाढले. आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं रविवारी अशीच घरं बघत हिंडायची. म्हणून तर रात्री पाणी प्यायला उठायची छाती व्हायची नाही. अमेरिकेतल्या त्या रक्तपिपासूला कोण विचारतंय? मला भीती वाटायची ती त्याच्या शेजारी राहायला आलेल्या कारकुनाची.”

काकू काही बोलल्या नाहीत. आत जाऊन मँगोस्टीनची पिशवी घेऊन आल्या नि दारातल्या स्टुलावर बसल्या. जांभळं, जाड साल दोन्ही तळव्यांत दाबून फोडलं की आतून पांढऱ्याशुभ्र पाकळ्या निघतात. डाग मात्र असे पडतात की निघता निघत नाहीत.

“हे फळ मला कुणी दाखवलं ठाऊक आहे? ज्यूल व्हर्नने,” काकू म्हणाल्या. “तो ऐंशी दिवसांत जग फिरणारा फॉग. त्याची बोट कोळसा भरायला सिंगापूरला थांबते. हा गडी बग्गीतून बेटाला चक्कर मारून येतो आणि त्याचा नोकर डझनावारी मँगोस्टीन घेऊन उभा. बाहेरून काळपट, आत लाल, मधला गर पांढरा. सगळं बरोबर! आणि व्हर्न स्वतः सिंगापूरला कधी फिरकलासुद्धा नाही.”

“मराठीत भा. रा. भागवतांनी आणला ना तो?”

“व्हर्न म्हणजे आम्हाला भागवतच! ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’... फास्टर फेणे नंतर. बाकी भागवतांनी उघड सांगून आणलं, तुझ्या धारपांसारखं नाही.”

हा टोला मी सोडणार नव्हते. “उघडपणाचं सांगूच नका. तुमच्या नारळीकरांनी तर पहिली गोष्ट नाव चोरून पाठवली होती!”

काकू खूश झाल्या. नारळीकरांचा विषय निघाला की त्यांच्या अंगात येतं. “अगं, तीच तर मजा आहे! १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. तेव्हा हा माणूस केंब्रिजहून परत आलेला, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलचा शिष्य, पेपरात फोटो येणारा. स्वतःच्या नावावर पाठवली असती तर परीक्षकांनी गोष्ट वाचायच्या आधीच बक्षीस दिलं असतं. म्हणून आद्याक्षरं उलटी केली. जयंत विष्णू नारळीकरचे झाले नारायण विनायक जगताप. पण अक्षर कुणी ओळखलं तर? म्हणून ‘कृष्णविवर’ मंगलाबाईंकडून लिहवून घेतली. त्या स्वतः गणितातल्या पंडित, आणि नवऱ्याच्या चोरीत सामील! पहिलं बक्षीस आलं तेव्हा बिंग फुटलं.”

“इथेही एक आहे तसा,” मी म्हटलं. “रसेल ली. १९८९ पासून सिंगापूरच्या भुताखेतांच्या गोष्टींची पुस्तकं काढतोय. शाळेतल्या पोरांनी ती बाकाखाली धरून वाचली. खरा कोण, कुणाला ठाऊक नाही. चारचौघांत येतो तोही काळा बुरखा घालून.”

“म्हणजे त्याने तोंड लपवलं, आमच्यांनी नुसतं अक्षर.” काकूंनी निकाल देऊन टाकला. “ते जाऊ दे. तुला एक विचारू? यातला खरा कल्पक कोण, हे तू कशावरून ठरवतेस?”

“ज्याने सगळ्यात मोठी कल्पना काढली त्याच्यावरून.”

“इथेच चुकतेस. यंत्र कुणालाही सुचतं. वर्गातली पोरं दर शनिवारी मला एक नवं यंत्र काढून दाखवायची. यंत्र आल्यावर शेजारीण काय म्हणेल, हे ज्याला सुचतं तो लेखक. थाप मारायची तर एकच मारावी आणि बाकीचं घर होतं तसं ठेवावं.”

मग उदाहरणांची माळ सुरू झाली. “नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ घे. आपल्याकडे उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, सोवळ्यातला. घरात ठेवताना माणसं दहादा विचार करतात. त्यांनी केलं काय? उजवं-डावं उलटं करणारी एक भानगड काढली. आरशात दिसतो तसा माणूस बाहेर पडतो. आणि ते कळतं कशावरून? क्रिकेटच्या मॅचमध्ये! उजव्या हाताचा बोलर एकदम डावखुरा होऊन विकेटा काढायला लागतो. आता ही गोष्ट दुसऱ्या कुठल्या देशात सुचेल का? गणपतीची सोंड आणि कसोटी सामना एका दाव्याला बांधलेत.”

“आणि ‘हिमप्रलय’? मुंबईत बर्फ पडतो तो?”

“हो. ज्वालामुखीची धूळ, समुद्राचं तापमान, सगळा हिशेब चोख. शेवटी अग्निबाण सोडून वातावरणात धातूचे बारीक कण पसरतात आणि पृथ्वीला ऊब देतात. पण माझ्या लक्षात राहिलाय तो मुंबईतला बर्फच. आधी पोरांना गंमत वाटते, मग एकेकाचे डोळे उघडतात. आणि शहाणे लोक कुठे पळतात? विषुववृत्ताकडे!”

“म्हणजे आपल्या कॉरिडॉरमध्ये!”

“तर! मी आधीच येऊन बसलेय. तो आर्थर क्लार्क बघ. १९५६ पासून लंकेत राहिला. आकाशात थेट वर जाणारी लिफ्ट बांधायची कादंबरी लिहिली. लिफ्टला विषुववृत्त हवं, आणि लंका पडली वर. मग पठ्ठ्याने कादंबरीपुरती अख्खी लंका आठशे किलोमीटर खाली ओढली. अरे बाबा, सिंगापूर घ्यायचंस ना! सव्वा अंशावर तयार बसलंय.”

“इथे कधी लिफ्ट बंद पडली की नोटीस दोन मिनिटांत लागते काकू, त्याची कादंबरी लांबली नसती.”

तेवढ्यात पलीकडच्या चिनी आंटींचा नातू पाठीला सॅक लावून निघाला. मुलगा नुकताच नॅशनल सर्व्हिस संपवून आलेला, गुणी आहे. काकूंनी त्याला तिथेच अडवला. त्यांचं इंग्रजी शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखं असतं. समोरचा आपोआप ताठ उभा राहतो. तू कोणता लेखक वाचतोस? ल्यू त्सशिन, तो म्हणाला. तीन सूर्यांच्या जगाची कादंबरी. २०१५ साली विज्ञानकथांचं ह्यूगो पारितोषिक मिळवणारी पहिली चिनी कादंबरी. आपल्या आजीकडे बोट दाखवून म्हणाला, हिने मूळ चिनीत वाचली, त्याने स्वतः इंग्रजीत, आणि आजी म्हणते तू निम्मीच वाचलीस.

लिफ्ट येईपर्यंत पोराने कथा सांगितली. तीन सूर्य असले की त्यांच्या फेऱ्यांचा अंदाजच बांधता येत नाही; कधी गोठून जायचं, कधी जळून. तिथल्या लोकांना नवी पृथ्वी हवी. आणि इथून त्यांना ‘या’ म्हणून निरोप पाठवते एक बाई. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तिच्या वडिलांना तिच्या डोळ्यांदेखत मारलेलं असतं. तिचा माणसांवरचा विश्वासच उडतो.

पोरगा गेला. काकू सालं गोळा करता करता थांबल्या. “बघ, तीन सूर्यांचं गणित मी उद्या विसरेन. ही बाई नाही विसरणार. आमच्या सोसायटीत एकीचं पार्किंगवरून भांडण झालं, तर तिने थेट बिल्डरला बोलावून अख्खी इमारत पाडायचा घाट घातला. घरच्यांवर सूड उगवायला बाहेरचा आणायचा, ही खोड माणसाची जुनीच. चिन्याने फक्त बाहेरचा दुसऱ्या ग्रहावरून आणला.”

“मग तो नारळीकरांच्या वरचा?”

“मी कुठे तसं म्हटलं?” काकू लगेच सावध.

मीही आता पेटले होते. “खरं सांगा, नारळीकरांचे शास्त्रज्ञ सगळे एकाच बाकावरचे वाटत नाहीत? हुशार, सज्जन, चहा पितात आणि समजावून सांगतात. ‘वामन परत न आला’ मध्ये जमिनीखालून जुन्या संस्कृतीची पेटी निघते, त्यावरून यंत्रमानव बनतो, तो स्वतःसारखे आणखी घडवू पाहतो. कल्पना केवढी! १९८०च्या दशकातली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर घसा कोरडा करणाऱ्यांनी आधी ती वाचावी. पण त्यातला एखादा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो का?”

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. म्हणजे मुद्दा लागला होता. “शास्त्रज्ञ नाही राहत,” त्या म्हणाल्या. “पण ‘धूमकेतू’ आठव. धूमकेतू पृथ्वीवर आदळणार. शास्त्रज्ञ अणुस्फोटाने त्याला वळवतात. आणि शोध लावणाऱ्याच्या स्वतःच्या घरात काय चाललेलं असतं? बायकोने मांडलेला शांतीसाठीचा यज्ञ! संकट टळतं, श्रेय यज्ञाला. तो गृहस्थ काय बोलणार? नारळीकर आयुष्यभर फलज्योतिषाशी भांडले. तरी गोष्टीत त्यांनी त्या बायकोला मूर्ख नाही दाखवलं, तिच्या श्रद्धेसह घरात राहू दिलं. तिथे ते शास्त्रज्ञ नसतात, लेखक असतात. म्हणून २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं ते योग्यच झालं. प्रकृतीमुळे मंडपात जाता आलं नाही, ते वेगळं. २०२५च्या मे महिन्यात गेले तेव्हा मी इथेच होते. मुलगा म्हणाला, आई, रडतेस काय, तुझ्या ओळखीचे होते का? म्हटलं, ओळखीचेच होते.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तीन दारं पलीकडच्या मलय मावशी, आमच्या मकचिक, बाजारातून आल्या. हातात पांडानच्या पानांची जुडी. आमच्या बोलण्यातून ‘स्टोरी’ हा शब्द त्यांनी उचलला आणि म्हणाल्या, या टेकडीची ठाऊक आहे का? रेडहिल, बुकित मेराह, तांबडी टेकडी म्हणतात ती का?

मी दुभाषी झाले. ‘सेजारा मलायू’ या जुन्या मलय बखरीतली कथा. समुद्रातून तलवारीसारख्या चोचीचे मासे, तोडक, झेप घेऊन किनाऱ्यावर येऊ लागले. माणसं पटापट मरायला लागली. राजाने काय उपाय करावा? सैनिकांना किनाऱ्यावर रांगेत उभं केलं. माणसांच्या नडग्यांचं कुंपण! मासे आले, नडग्या भोसकून गेले. मग एक लहान पोरगा म्हणाला, महाराज, पायांऐवजी केळीचे खुंट लावा की! लावले. मासे आले, चोची खुंटात रुतल्या, लोकांनी कापून काढले. गाव वाचलं.

“मग पोराला बक्षीस?” काकूंनी विचारलं.

मकचिकनी मान हलवली. दरबारी राजाला म्हणाले, आत्ता एवढा हुशार आहे, मोठा झाल्यावर तुम्हाला ठेवील का? राजाने पोराला मारून टाकलं. त्याच्या रक्ताने टेकडी लाल झाली.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. “सत्यनारायणाला लावतो ते केळीचे खुंट! आणि ते दरबारी? मी चाळीस वर्षं शाळेच्या स्टाफरूममध्ये बसलेय, मला नको सांगू. बघ, माझाच नियम. बदललं फक्त माशांचं वागणं. राजा, दरबारी, हुशार पोराचा मत्सर, सगळं जागच्या जागी. हा लेखक कोण गं?”

“त्याचंही नाव कुणी नीट सांगत नाही,” मी म्हटलं. मकचिक हसल्या. त्यांची लेक नुरालिया नोरासिदची ‘द गेटकीपर’ वाचतेय म्हणाल्या. २०१६चं एपिग्राम बुक्सचं पारितोषिक मिळालेली. जिच्या नजरेने माणसं दगड होतात अशा मुलीची गोष्ट, कल्पनेतल्या देशात घडणारी. काकू लगेच म्हणाल्या, त्यात दगड झालेल्याचे नातेवाईक काय म्हणतात ते मला सांगा. मकचिक म्हणाल्या, लेकीला विचारते, आणि पांडान सुकायला नको म्हणून घरात गेल्या.

आता माझा हुकमाचा पत्ता. “काकू, तुमच्या नियमाला तंतोतंत बसणारी एक आहे. सिंगापूरचीच, व्हिना जिए-मिन प्रसाद. २०१८ मध्ये तिच्या दोन कथा एकदमच ह्यूगोच्या अंतिम यादीत होत्या. त्यातली एक सांगू? पण तुम्हाला ओंगळ वाटेल.”

“सांग. मी जीवशास्त्रही शिकवलंय.”

“मांस छापायचं यंत्र निघालंय. थरावर थर देऊन मांस तयार. सगळीकडे मिळतं, त्यामुळे त्याची किंमत काहीच नाही. भाव आहे तो खऱ्या गाईच्या मांसाला. मग नानजिंगमधली एक मुलगी काय करते? छापलेलं मांस ‘खरं’ म्हणून हॉटेलांना खपवते. चरबीच्या रेषा कशा हव्यात, हाड कसं दिसायला हवं, सगळी बारीक कारागिरी. एक दिवस कुणीतरी धमकावतं: हाडासकट दोनशे तुकडे करून दे, नाहीतर तुझं पितळ उघडं पाडतो.”

“शी शी शी! रामप्रहरी काय ऐकवतेस!” काकूंनी पदर नाकाला लावला. मग पदराआडून: “...पुढे काय झालं?”

मी नाही सांगितलं. पुस्तक मिळेल तेव्हा वाचा म्हटलं. पण काकूंचं डोकं चालू झालं होतं. “ही बाई हुशार आहे. यंत्र आलं की नकली मालाचा धंदा आलाच, हे तिने आधी ओळखलं. केशर असो, हापूस असो, देवगडचा म्हणून कर्नाटकातला विकतातच की. कथा कधीची?”

“२०१७ची. आणि डिसेंबर २०२०मध्ये सिंगापूरने प्रयोगशाळेत पेशी वाढवून केलेल्या कोंबडीच्या विक्रीला परवानगी दिली. जगात पहिली. २०२४मध्ये इथल्या दुकानात ते गोठवून विकायला ठेवलं, त्यात कोंबडीच्या पेशी तीन टक्के, बाकी सगळं वनस्पतींचं.”

“तीन टक्के?” काकू स्टुलावरून उठल्याच. “म्हणजे शंभरातलं सत्त्याण्णव शाकाहारी. कोंबडी मारलेली नाही. मग हे चातुर्मासात चालेल का?”

“काकू!”

“अगं, विचार कर ना! माझी सदाशिव पेठेतली जाऊ म्हणेल, नाव कोंबडीचं घेतलं, विषय संपला. माझा मुलगा म्हणेल, तीन टक्के म्हणजे चवीपुरतं. सून म्हणेल, प्रथिनं किती? तुझा नवरा मालवणचा, तो म्हणेल, सत्त्याण्णव टक्के पाला घालून कोंबडीचा अपमान केलात. मकचिक विचारतील, हलाल आहे का? कारण कापलीच नाही तर हलाल करणार कशी? आणि आंटी म्हणतील, स्वस्त कितीला?” त्या एका दमात बोलून गेल्या आणि मग माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. “ही तर गोष्टच झाली.”

“झालीच. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ‘ऋतुगंध’ अंकासाठी लिहा.”

“लिहिते. एकच थाप, बाकी सगळा मजला होता तसा. दर मजल्यावर एकेक मत. लिफ्ट थांबेल तिथे भांडण. शास्त्र चोख ठेवीन, नारळीकरांचा मान राखायला. आणि शेवटी थोडं घाबरवीन, तुझ्या धारपांसाठी. डबा उघडून बघावा तर तीन टक्क्यांचे चार टक्के झालेले.”

मला एकदम काटा आला, खरंच. बाराव्या मजल्यावर, भर सकाळी. “काकू, हे धारपांना सुचलं असतं हं.”

“त्यांना सुचलं असतं तर किंगकडून आलं असतं. हे माझं आहे.” त्यांनी सालांची पिशवी बांधली. “एक अडचण आहे. मंडळात मला सगळे ओळखतात. माझ्या नावाने गेलं तर बाई म्हणून आदराने छापतील. त्यात मजा नाही. नाव बदलते. आणि माझं अक्षर संपादकांनी वर्गणीच्या पावतीवर बघितलंय.”

“आजकाल टाइप करून पाठवतात काकू. अक्षराचा प्रश्नच नाही.”

“मग तू टाइप कर. तुझ्या मेलवरून जाऊ दे. आणि हे बघ, मालवणच्या जावयाचं पात्र मी जसं लिहीन तसंच राहील. त्याला वाईट वाटलं तर म्हणावं, काल्पनिक आहे.”

“आणि मी? मी कुठे आहे त्यात?”

“तू ना?” काकूंनी जाळी ओढून घेतली. आतून कडी लावायचा आवाज आला, आणि त्यामागून उत्तर: “सगळ्यात आधी घेऊन चव बघणारी शेजारीण कुणीतरी लागेलच की!”